वर्गात चाल बांधताना: सातवी ते नववीच्या शिक्षकांसाठी

शाळेत संगीताची तासिका म्हणजे बहुतेक वेळा तयार गाणं बसवणं. प्रार्थना, समूहगीत, स्नेहसंमेलनासाठी एखादं लोकगीत. बाई किंवा सर ओळ म्हणतात, वर्ग मागून म्हणतो. त्यातून गळा तयार होतो, ताल अंगात मुरतो, हे खरंच आहे. पण एका शब्दावर सूर खाली का आला आणि दुसऱ्यावर वर का गेला, हे मुलाला कळत नाही, कारण ते ठरवणारा कुणीतरी दुसराच असतो. हा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे. मुलांनी चार ओळींची स्वतःची चाल बांधायची, आणि बांधताना काय केलं, काय टाकलं, का टाकलं हे त्याच दिवशी वहीत उतरवायचं. दोन्ही कामं बरोबरीने चालली पाहिजेत. नुसती चाल बांधली तर ती कशी झाली हे मुलं महिन्याभरात विसरतात. सगळं झाल्यावर लिहायला लावलं तर हाती निबंध येतो.

शिक्षक गवई असण्याची गरज नाही. पेटीवर सा कुठे आहे हे ठाऊक असावं आणि हाताने टाळी देत ठेका धरता यावा, एवढं पुरे. उलट शिक्षकाला फार येत असेल तर एक पथ्य कडकपणे पाळावं लागतं: मुलांच्या चालीत स्वतःचा सूर घालायचा नाही. ते पथ्य कसं पाळायचं, ते पुढे येईल.

वेळ, गट आणि सामान

आठवड्याला ३५ ते ४० मिनिटांची एक तासिका धरली तर आठ आठवडे लागतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी काम हातावेगळं होतं. डिसेंबरमध्ये हे काम काढू नका. स्नेहसंमेलनाची घाई अंगावर असली की शिक्षकच चाल पुरी करून देतात आणि मुलं पुन्हा पाठांतराकडे वळतात.

गट चार किंवा पाच जणांचा. तिघांत एक गैरहजर असला की काम थांबतं, सहांत दोघं नुसते बसून राहतात. प्रत्येक गटात चार कामं: सूर शोधणारा, ठेका धरणारा, वही लिहिणारा आणि ध्वनिमुद्रण सांभाळणारा. दर आठवड्याला कामं फिरवायचीच. गटात एखादी मुलगी बाहेर गाण्याच्या क्लासला जाऊन प्रवेशिकेपर्यंतच्या (शास्त्रीय संगीताच्या सुरुवातीच्या) परीक्षा दिलेली असते, आणि बाकीचे आपोआप तिच्या तोंडाकडे बघायला लागतात. पहिले दोन आठवडे मात्र अपवाद म्हणून तिच्याकडेच वही द्या. तिला लिहायला लागलं की ऐकावंही लागतं, आणि इतरांना तोंड उघडावं लागतं.

सामान थोडं लागतं: एक पेटी, एक मोबाईल, तानपुऱ्याचं आणि मेट्रोनोमचं (ठरावीक गतीने ठोके देणारं) फुकट मिळणारं अ‍ॅप, शक्य झालं तर एक डफ किंवा खंजिरी, आणि प्रत्येक गटाला एक दोनशेपानी वही. पन्नास मुलांच्या वर्गात दहा गट होतात आणि पेटी एकच. प्रत्येक गटाला ती तीन मिनिटंच मिळणार, त्यामुळे बाकीच्या वेळात गुणगुणून आणि मांडीवर थाप देऊनच चाल शोधायची. हे बरंच आहे. पेटी हातात असली की बोटं सवयीच्या जागी जातात. गट वऱ्हांड्यात, जिन्यात, मैदानाच्या कडेला पांगवा. एकाच खोलीत दहा चाली सुरू झाल्या की वीस मिनिटांत सगळ्यांची चाल एकच होते, कारण सर्वांत मोठ्या आवाजाचा गट बाकीच्यांना नकळत ओढून घेतो.

पहिला आठवडा: कान

पहिल्या तासिकेत सूर नाही, पेटी नाही. मुलांना घरून येताना एक आवाज टिपून आणायला सांगा: मोबाईलवर २० सेकंद, किंवा नुसता कागदावर. नाशिकमध्ये आवाजांना तोटा नाही. रामकुंडावरची गर्दी, नाशिकरोड स्टेशनवरची उद्घोषणा, सातपूर-अंबडकडचा पाळी बदलल्याचा भोंगा, भांडीबाजारातली ठोकाठोक. लासलगावकडची किंवा पिंपळगावकडची मुलं असतील तर कांद्याच्या लिलावाची बोली आणायला सांगाच. बोली लावणारा आकडे ज्या झपाट्याने म्हणतो, त्यात पक्का ठेका असतो, आणि बोली संपताना आवाज एका ठरलेल्या तऱ्हेने खाली येतो.

वर्गात प्रत्येक आवाजाबद्दल तीनच गोष्टी विचारा. हा आवाज कितीच्या हिशेबाने फिरतो? तो कुठे वर जातो, कुठे खाली येतो? तो संपला हे तुम्हाला कशावरून कळलं? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. चाल बांधताना मुलांचं घोडं तिथेच अडतं: ओळ संपली आणि गाणं संपलं, यातला फरक त्यांच्या कानाला अजून कळत नसतो.

दुसरा आठवडा: शब्द

शब्द आधी घ्या, चाल नंतर. उलटं केलं तर नवशिका मूल ऐकीव चालीत शब्द भरतं.

शब्द मुलांचेच असावेत आणि थोडे असावेत. मराठीत यासाठी अभंगाचा साचा फार सोयीचा आहे. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच मोजायचं. या लेखासाठी रचलेला नमुना:

गोदेच्या काठाला / पाऊस उतरे / पायऱ्या विसरे / घाट सारा

विषय पुराचा आहे. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं यावर नाशिककर पूर मोजतात, त्यामुळे मुलांना हा विषय सांगावा लागत नाही. छोटा अभंग हवा असेल तर आठ-आठ अक्षरांचे दोन चरण: ढग आले गंगापुरी / पाणी वाजे घरोघरी.

ओळी तयार झाल्या की त्या चालीशिवाय, बोलल्यासारख्या पाच वेळा मोठ्याने म्हणायच्या आणि ज्या अक्षरावर आवाज आपोआप जोर देतो त्याखाली ठिपका काढायचा. इथे मराठीची एक अडचण लगेच पुढे येते. आपण लिहितो ‘घाट’, पण बोलतो ‘घाट्’. शेवटचा ‘ट’ तोकडा असतो. त्याला पूर्ण मात्रा (ठेक्याचा एक ठोका) दिली तर ‘घा-टऽ’ असं ऐकू येतं आणि शब्द परका वाटायला लागतो. गायक अशा वेळी ‘घा’ लांबवतात आणि ‘ट’ पुढच्या अक्षराला चिकटवतात. ‘पाऊस’, ‘ढग’, ‘जाग’ सगळ्यांचं हेच. ठिपके काढताना असे शब्द वेगळ्या रंगाने खुणावून ठेवा.

कुठलीही आवडती कविता घेतली तर चालेल का, असं मुलं विचारतील. वर्गात सरावाला चालेल. त्यापुढचं काय, ते सादरीकरणाच्या भागात आहे.

तिसरा आठवडा: ठेका

दोनच ताल पुढे ठेवा. दादरा, सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. आणि केरवा, आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धी न. मोठा अभंग दादऱ्यात आणि छोटा केरव्यात अक्षराला मात्रा अशा हिशेबाने तंतोतंत बसतो. वरचे चार चरण दादऱ्यात लिहू:

गो दे च्या | का ठा ला
पा ऊ स | उ त रे
पा य ऱ्या | वि स रे
घा ट सा | रा ऽ ऽ

चार आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे), २४ मात्रा. मेट्रोनोम मिनिटाला ९० वर लावला तर १६ सेकंदांत सगळं कडवं होतं. पहिल्यांदा असंच म्हणा. ते पाढ्यासारखं एकसुरी वाटेल, वाटू द्या. साचा कुठे आहे हे कळल्याशिवाय तो मोडायचा कुठे हे कळत नाही.

मग मोडायला सांगा. नियम एकच: आवर्तनाच्या मात्रा कमीजास्त करायच्या नाहीत, आतली अक्षरं हलवायची. ‘पाऊस’मधला ‘स’ आखूड करायचा तर ‘पा’ दोन मात्रांचा आणि ‘ऊस’ एका मात्रेत. केरव्यात ‘ढग आले गंगापुरी’ घ्या. पहिली मात्रा मोकळी सोडा, दुसरीत ‘ढग’ एकत्र, मग आ, ले, गं, गा, पु, री. आठच मात्रा झाल्या, पण सम (तालाची पहिली मात्रा) रिकामी गेली आणि ढग तिच्यामागून आला. सातवीतलं मूलसुद्धा हा फरक ऐकल्याबरोबर मान हलवतं. या एका बदलावर अर्धी तासिका गेली तरी चालेल.

गणपतीचे दिवस जवळ असतात, निम्मी मुलं संध्याकाळी पथकाच्या सरावाला जातात आणि नाशिक ढोल हातात भिनलेला असतो. त्याचा उपयोग जरूर करा, पण ढोल वर्गात आणू नका. टिपरूऐवजी (ढोलाच्या काठीऐवजी) दोन बोटांनी बाकावर वाजवायला सांगा. चाल बांधली जात असताना ठेका गाणाऱ्याच्या आवाजापेक्षा हळूच असला पाहिजे. नाहीतर गाणारा ओरडायला लागतो, आणि ओरडणाऱ्याला सूर सापडत नाही.

चौथा आणि पाचवा आठवडा: पाच काळ्या पट्ट्या

आता पेटी. बारा सुरांतून निवडायला सांगितलं तर मुलं गोंधळतात, म्हणून पाचच द्यायचे. पेटीवर दोन काळ्यांची जोडी आणि तीन काळ्यांचा गट असतो. जोडीतली पहिली म्हणजे काळी एक. तिला सा मानून फक्त काळ्या पट्ट्या वाजवल्या की सा, रे, म, प, ध असे सूर मिळतात. हे दुर्गा रागाचे सूर. पांढऱ्या पट्टीला हात लावायचा नाही एवढंच मुलांनी लक्षात ठेवायचं, बेसूर पट्टी दाबली जाण्याचा धोका संपतो. रागाचं नाव सांगा, नियम सांगू नका. दुर्गा गायला शिकवायची नाही, पाच सुरांचं कुंपण घालायचं आहे.

तेच पाच सूर वापरून सा बदलला की सगळं वातावरण पालटतं. काळी तीनला सा धरलं तर भूप, काळी चारला धरलं तर मध्यमाद सारंग, काळी पाचला धरलं तर मालकंस. एकदा वर्गाला ऐकवा, पण बांधायला काळी एकच ठेवा, कारण ती मुलांच्या गळ्यालाही सोयीची आहे. या वयातली बहुतेक मुलं-मुली काळी एकच्या सा पासून तार सा (वरच्या सप्तकातला सा) पर्यंत ताण न येता जातात. आठवी-नववीत काही मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्या किंवा त्या आठवड्यापुरता ठेका द्या. ‘वर लाव’ म्हणून आग्रह धरू नका. त्या वयात चारचौघांत आवाज चिरकला की मूल गाणंच सोडतं.

आता चार नियम सांगा, फळ्यावर लिहून ठेवा.

१. प्रत्येक चरण पाच सुरांतच.
२. सा वर फक्त शेवटचा चरण थांबेल. बाकीचे रे, म किंवा प वर.
३. तार सा संपूर्ण कडव्यात एकदाच.
४. दुसऱ्या आठवड्यात ठिपका दिलेल्या अक्षरांपैकी निदान एकावर सुराची उडी किंवा लांबी असली पाहिजे.

दुसरा नियम सगळ्यांत कामाचा. मुलं प्रत्येक ओळ सा वर आणून टेकवतात, आणि चार ओळींचं गाणं चारदा संपतं. तिसऱ्यामागेही कारण आहे. वरचा सा सापडला की मुलांना तो इतका आवडतो की दुसऱ्या ओळीपासूनच सगळं तिथे चढून बसतं, आणि मग पुढे जायला जागा उरत नाही.

वरच्या नमुन्याची पहिली चाल अशी झाली असं धरू (‘सां’ म्हणजे तार सा):

सा रे म | म रे म
म प ध | ध सां सां
म प ध | सां ध प
ध म रे | सा – –

गाऊन बघा. वाईट नाही. पण दुसरा आणि तिसरा चरण सारख्याच सुरांनी सुरू होतात, तार सा तीनदा लागतो, आणि ‘पाऊस उतरे’ म्हणताना सूर चढताहेत. पाऊस खाली येतोय आणि आवाज वर जातोय. शिक्षकाने हे सांगायचं नाही. विचारायचं एवढंच: ‘दुसऱ्या ओळीत काय घडतंय? डोळे मिटून हाताने दाखवा.’ मुलं ‘उतरे’ म्हणताना हात खाली आणतात, सूर मात्र वर जात असतात, आणि चूक त्यांची त्यांनाच सापडते. मग पर्याय मागायचे, निदान तीन. त्यातला एक:

ध प ध | म म रे

आता ‘उतरे’ खरंच उतरतं, चरण रे वर थांबतो, तिसरा चरण म पासून नव्याने चढतो आणि तार सा ‘विसरे’च्या ‘वि’वर एकदाच लागतो. पाण्याने पायऱ्या गिळल्या, तिथेच चालीचा सगळ्यांत वरचा सूर. शेवटचा चरण ध पासून सा वर उतरून टेकतो. एक ओळ बदलल्याने सगळं कडवं सुधारलं. बदल कुठे करायचा हे शोधायला मुलांना दोन तासिका लागल्या तर लागू द्या.

इथेच शिक्षकाचं ते पथ्य. ‘असं घ्या ना’ म्हणून गाऊन दाखवायचं नाही. तुम्ही एकदा गायलात की मुलं तेच घेतात, कारण तुमचा सूर पक्का असतो आणि त्यांचा कच्चा. अगदीच अडले तर निवड द्या, उत्तर देऊ नका: ‘ही ओळ रे वर थांबवा, मग प वर थांबवा, आणि कुठली घेतली ते लिहा.’

चाल लिहून ठेवायला भातखंडे पद्धतीची स्वरलिपी पुरते. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) सुराखाली टिंब, तार सुरावर टिंब, कोमल (उतरलेल्या) सुराखाली आडवी रेघ, तीव्र (चढ्या) म वर उभी रेघ. एका मात्रेत दोन सूर असतील तर खाली कमान. समेखाली फुली, ‘खाली’च्या (टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या) मात्रेखाली शून्य. क्लासला जाणारी काही मुलं पलुसकर पद्धतीच्या खुणा शिकलेली असतात, त्या वेगळ्या आहेत. एका वर्गात एकच पद्धत ठेवा. (विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तरायुष्यात त्यांचं वास्तव्य नाशिकला होतं. स्वरलिपी शिकवताना मुलांना हे जरूर सांगा.)

वही

तासिकेची शेवटची सात मिनिटं वहीची. घरी लिहून आणा म्हटलं की दुसऱ्या दिवशी आठवेल ते येतं आणि बहुधा आई-बाबांच्या भाषेत येतं.

वहीचे नियम साधे आहेत. काहीही खोडायचं नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं नाही. वरती तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव. डाव्या पानावर स्वरलिपी, उजव्या पानावर कारणं.

‘आज कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ‘मजा आली’ हेच येतं आणि तिथे वही संपते. त्याऐवजी हे प्रश्न वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा:

आज कुठला सूर, शब्द किंवा मात्रा बदलली? आधी काय होतं?
बदलायचं कुणी सुचवलं, आणि कुणाला पटलं नाही?
टाकून दिलेल्यातलं पुन्हा वापरावंसं काय वाटतं?
ही चाल कशासारखी वाटते? कुठे ऐकलं होतं?
पुढच्या आठवड्यात सगळ्यांत आधी काय करून बघायचं?

पहिल्या दोन आठवड्यांत नोंदी अशा येतात: ‘आज आम्ही चाल बनवली. खूप छान झाली. सर्वांनी सहकार्य केलं.’ यावर लाल शेरा मारू नका. बाजूला एकच प्रश्न लिहा: ‘कुठल्या ओळीची?’ पुढच्या वेळी दुसरा: ‘आधी कशी होती?’ चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत नोंद या वळणावर यावी:

‘दुसऱ्या ओळीत उतरे शब्दाला सूर चढत होते. तीन प्रकार करून पाहिले. पहिला सा वर थांबत होता, तेव्हा गाणं संपल्यासारखं वाटलं. दुसऱ्यात ध वरून एकदम रे वर उडी होती, दोघांना जमली नाही. तिसरा घेतला. दुसरा मला अजून आवडतो.’

शेवटचं वाक्य बघा. गटाचा निर्णय एक झाला आणि लिहिणाऱ्याचं मत वेगळं राहिलं, दोन्ही वहीत आलं. अशी नोंद दिसली की वर्गात वाचून दाखवा, मुलाची परवानगी घेऊन.

ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी बोलून नोंद ठेवावी, मोबाईलवर एक मिनिट. सुरगाणा, पेठ, कळवण भागातल्या मुलांची घरची भाषा कोकणी (कोकणा आदिवासींची) किंवा भिलीही असते. त्यांनी त्या भाषेत बोलावं. शुद्धलेखनाचे गुण या वहीत नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. या भागातली मुलं डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी हे फुंकवाद्य ऐकत वाढलेली असतात आणि ती सुरावट चालीत येऊ शकते. आली तर आनंदाने घ्या, मात्र वहीत लिहा की ती कुठून आली आणि कुणाकडून ऐकली, आणि सादर करताना तसं बोलून दाखवा.

सहावा आठवडा: शिळी करून ऐकणं

या आठवड्यात नवं काही बांधायचं नाही. चाल ध्वनिमुद्रित करून सात दिवस ठेवायची आणि मग ऐकायची. बांधताना जे अप्रतिम वाटलं होतं त्यातलं काही आता लांबट वाटतं, आणि घाईत टाकलेली एखादी जागा चांगली निघते. प्रत्येक गटाने दुसऱ्या गटाची चाल ऐकून दोन वाक्यं लिहायची: कुठली जागा कानात राहिली, आणि कुठे लक्ष उडालं. ‘चांगली’, ‘वाईट’ हे शब्द वर्ज्य. मूळ गटाने त्यावर वाद घालायचा नाही, वहीत उतरवून घ्यायचं आणि बदल करायचा की नाही ते नंतर ठरवायचं.

हमखास बिघडणाऱ्या गोष्टी

चाल आरतीसारखी किंवा सिनेमातल्या गाण्यासारखी होते. दर वर्गात होते, आणि ती चोरी समजू नये. कानात जे आहे तेच आधी बाहेर येतं. ओळखायची रीत: शब्द काढून नुसती गुणगुणा आणि वर्गाला विचारा, काय आठवलं. तिघा-चौघांनी एकच गाणं सांगितलं तर चाल उसनी आहे. मग सुरुवातीचा सूर बदला, किंवा पहिल्या उडीची दिशा उलटी करा, किंवा केरव्यातलं दादऱ्यात आणा. ताल बदलला की उसनी चाल टिकत नाही, कारण शब्द वेगळ्या जागी पडायला लागतात.

शब्द मधेच तुटतो. ‘पाय’ एका आवर्तनात आणि ‘ऱ्या’ पुढच्यात गेलं की ऐकणाऱ्याला पाय ऐकू येतो, पायरी नाही. समेवर शब्दाची सुरुवात यावी, शेवट नको.

लय चढते. गटाने गायलं की शेवटच्या ओळीपर्यंत गाणं धावायला लागतं. कारण बहुधा श्वास असतो: तो घ्यायला जागाच ठेवलेली नसते. नमुन्यात ‘सारा’नंतर दोन मात्रा लांबवायच्या आहेत, त्यातली शेवटची मोकळी सोडली की सगळे श्वास घेतात आणि लय जागेवर राहते.

सूर उतरतो. तानपुरा बंद ठेवून सराव केला की दहा मिनिटांत गट काळी एकवरून घसरतो आणि कुणाला कळतही नाही. तानपुरा अ‍ॅप काळी एकवर लावून सतत चालू ठेवा. दुर्गेत प आहे, त्यामुळे प-सा जुळणी चालते. मालकंस घेतला तर त्यात प नाही, तेव्हा म-सा लावा.

सगळ्यांना सगळं एकदम वाजवायचं असतं. तिसऱ्या चरणापर्यंत ठेका नुसता टाळीचा, तिथून पुढे डफ, असं काहीतरी ठरवा आणि का ठरवलं ते लिहा.

ध्वनिमुद्रण आणि सादरीकरण

मोबाईलचं साधं रेकॉर्डर पुरतं. गाणारे अर्धवर्तुळात, मोबाईल त्यांच्यापासून चार-पाच फुटांवर वहीच्या थप्पीवर, ठेकेवाला मागे. शेवटी ढोल वापरायचाच असेल तर मैदानात आणि दहा-बारा फूट मागे. जवळ ठेवला तर आवाज फाटतो आणि फाटलेलं मुद्रण नंतर नीट होत नाही. खिडक्या-पंखे बंद. आधी आणि नंतर तीन सेकंद शांतता. फाईलला नाव देताना इयत्ता, गट, चालीचा क्रमांक आणि तारीख, म्हणजे ‘आठवीब गट३ चाल४ १२ऑगस्ट’. जुन्या चाली पुसू नका. कापाकापी करायची तर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात आवाज कमीजास्त करा, मुलांचे सूर यंत्राने दुरुस्त करू नका.

सातव्या आठवड्यात तालीम, आठव्यात सादरीकरण, एकाच वर्गापुढे. प्रत्येक गटाने आधी पहिली चाल गायची, मग शेवटची, आणि मधे वहीतला एकच बदल दोन मिनिटांत सांगायचा. प्रेक्षकांना सगळ्यांत जास्त रस याच मधल्या दोन मिनिटांत वाटतो. पालकांपुढे पुन्हा करायचं तर २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन योग्य. तोवर मुलांनी गाणं मनात बरंच मुरवलेलं असतं.

हक्कांचं एवढं लक्षात ठेवा. शब्द आणि चाल मुलांची असेल तर हक्क त्यांचा. फलकावर आणि निवेदनात गटातल्या सगळ्यांची नावं आली पाहिजेत. मुद्रण इंटरनेटवर टाकायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. दुसऱ्याची कविता घेतली असेल तर भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे गायला कायदा मुभा देतो. यूट्यूबवर टाकायला परवानगी लागते. संतांच्या अभंगांना ही अडचण नाही.

गुण

द्यायचेच असतील तर २० पैकी असे: वहीला ८, केलेल्या बदलांना ६, सादरीकरणाला ६. सादरीकरणाला याहून जास्त दिले तर ज्याचा गळा जन्मतः गोड आहे तो काही न करता जिंकतो, आणि बाकीच्यांना ते लगेच कळतं. बदलांचे गुण मोजताना बदल किती केले ते बघू नका, त्यातल्या कितींचं कारण वहीत सापडतं ते बघा. बदल करून पाहिला आणि पुन्हा जुन्याकडे आलो, कारण अमुक, अशा नोंदीला पूर्ण गुण.

वर्ष संपल्यावर वह्या मुलांना परत द्या, त्यांच्या परवानगीने दोन-तीन पानांच्या प्रती ठेवून घ्या. पुढच्या जुलैत नव्या वर्गाला फळ्यावर नियम लिहून देण्याआधी ही पानं वाचायला द्या, त्यातही आधी खोडाखोडीची.